बिनतारी परवाना आणि घराचा उंबरठा

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, तह येतात. कायद्याच्या कलमालाही इतिहास असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आज मी आपल्याला अशाच एका कलमाची हकीकत सांगणार आहे. कलम लहान आहे, दोन-चार ओळींचे. पण त्या दोन-चार ओळींच्या आधारे सरकारी अधिकारी आपल्या घराचा उंबरठा ओलांडून आत येऊ शकतो, घरातले यंत्र पाहू शकतो आणि उचलून नेऊही शकतो. बिनतारी यंत्राच्या परवान्याविषयीचे हे कलम आहे. ते का जन्मले, ते कुणावर चालले आणि आज ते कुठे आहे, एवढेच आपण पाहू.

खोपोलीजवळचा आपला शिळफाटा घ्या. ठाण्याजवळचा शिळफाटा वेगळा, त्याची गल्लत नको. या फाट्यावर उभे राहिले म्हणजे एका नजरेत दीडशे वर्षे दिसतात. समोर बोरघाट. पायथ्याशी खोपोली, तिथे १८५६ साली आगगाडी आली. टाटांच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईला वीज जाऊ लागली, तिचे लोखंडी मनोरे डोंगरउतारावर उभे आहेत. आणि आता जिकडेतिकडे मोबाईलचे टॉवर. रस्ता दिसतो, रूळ दिसतात, तारा दिसतात. पण टॉवरमधून निघणाऱ्या लहरी मात्र दिसत नाहीत. जी वस्तू दिसत नाही तिच्यावर सरकारने पहारा कसा ठेवायचा? आपल्या कलमाचा सारा इतिहास या प्रश्नातून निघाला आहे.

सुरुवात तारायंत्रापासून करू. कंपनी सरकारने १८५४ साली तारायंत्राचा कायदा केला, आणि तार उभारण्याचा हक्क सरकारचा, असे त्यात ठरवून टाकले. पुढे १८८५ साली भारतीय तार कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात हेच तत्त्व पक्के झाले: तारायंत्र उभारणे, राखणे व चालविणे हा सरकारचा एकट्याचा हक्क, दुसऱ्या कुणाला ते करायचे तर सरकारचा परवाना हवा. त्या काळी रेडिओ नव्हता. तार चोरून टाकायची म्हटली तरी खांब रोवावे लागत, तारा ताणाव्या लागत. चोरी गावभर दिसे. त्यामुळे घरात शिरून शोधाशोध करण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता.

तो प्रश्न रेडिओने आणला. २३ जुलै १९२७ या दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. कंपनी खाजगी होती, तिचे पोट दोन गोष्टींवर अवलंबून होते. एक, रेडिओ ऐकणाऱ्याने पोस्टात भरायची वर्षाची १० रुपये फी. त्यातले ८ रुपये कंपनीला मिळत. दुसरी, परदेशातून येणाऱ्या यंत्रांवरचा आकार. आता गंमत पाहा. रेडिओ घरात आणून कोपऱ्यात ठेवला, दार लावून घेतले आणि गाणे ऐकले, तर कुणाला कळणार? १९२९ च्या अखेरीस सगळ्या हिंदुस्थानात परवान्यांची संख्या आठ हजारांनाही पोहोचली नव्हती. फुकट ऐकणारे मात्र पुष्कळ होते. कंपनी मार्च १९३० मध्ये दिवाळ्यात निघाली आणि १ एप्रिलपासून सरकारला ती चालवायला घ्यावी लागली.

फुकट ऐकणाऱ्यांना पकडायचे कसे, ही खरी अडचण होती. १८८५ चा कायदा यंत्र ‘उभारणे, राखणे, चालविणे’ यांना गुन्हा म्हणत होता. म्हणजे अमक्याने यंत्र प्रत्यक्ष वापरले, हे सरकारला शाबीत करावे लागे. आरोपी म्हणे, ‘साहेब, पेटी शोभेची आहे, वाजवीत नाही.’ मग करता काय?

म्हणून १९३३ साली नवा कायदा झाला, भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा. तो १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्याने प्रश्नच बदलून टाकला. वापराचा पुरावा नको. परवान्याशिवाय यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी २५० रुपयांपर्यंत. यंत्र ज्याच्या ताब्यातल्या जागेत सापडेल ते त्याचेच, असे न्यायालयाने धरून चालावे, ही मुभाही त्यात होती. रेडिओच्या दुकानदारांनी कोणते यंत्र आले आणि कुणाला विकले याची नोंद ठेवावी, असे नियम करण्याचा अधिकार सरकारने घेतला. आणि सातव्या कलमात आपली ती दोन-चार ओळींची तरतूद आली. सरकारने खास अधिकार दिलेला अधिकारी, ज्या इमारतीत, जहाजात वा जागेत असे यंत्र ठेवले वा लपविले आहे असे मानण्यास त्याला कारण असेल, त्या जागेची झडती घेऊ शकेल आणि यंत्र ताब्यात घेऊ शकेल.

पुढच्या दोन वर्षांत परवाने भराभर वाढले. त्याचे श्रेय एकट्या कायद्याला देता येणार नाही. डिसेंबर १९३२ मध्ये लंडनहून बी.बी.सी.ची साम्राज्यासाठीची सेवा सुरू झाली होती, आणि ती ऐकण्यासाठीही यंत्रे विकत घेतली जात होती. परंतु चुकवेगिरीला आळा बसला हे खरे. जून १९३६ मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घेऊ. झडतीचा अधिकार ज्या कारणासाठी मागितला गेला ते कारण साधे होते: दहा रुपये वसूल करणे. ऐकणाऱ्याने पैसे द्यावेत, म्हणजे गाणारा-बोलणारा जगेल. यात गैर काही नाही. परंतु हाती आलेले हत्यार ज्या कामासाठी घडविले त्याच कामापुरते राहात नाही. नऊ वर्षांतच याचा अनुभव मुंबईने घेतला.

१९३९ साली महायुद्ध पेटले. हौशी बिनतारी मंडळींचे परवाने सरकारने रद्द केले आणि प्रक्षेपक यंत्रे पोलिसांच्या हवाली करण्याचे हुकूम काढले. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर बंधने होती. अशा वेळी त्याच महिन्यात मुंबईच्या हवेत ४२.३४ मीटरवर एक आवाज ऐकू येऊ लागला: काँग्रेस रेडिओ. तो चालविणाऱ्यांत बावीस वर्षांच्या उषा मेहता होत्या, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर होते, चंद्रकांत झवेरी होते. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते त्यांच्या पाठीशी होते. जमशेटपूरचा संप, चितगावावरचा बॉम्बहल्ला, आणि आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार, ही वृत्ते या रेडिओने लोकांना सांगितली. जे छापता येत नव्हते ते हवेतून बोलले जात होते. सरकारच्या दृष्टीने हे बिनपरवाना प्रक्षेपण; लोकांच्या दृष्टीने ही खरी बातमी.

मग सुरू झाला पाठलाग. बिनतारी यंत्र शोधायचे कसे, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे, कारण त्यात भूमितीचा एक छान धडा आहे. चौकटीसारखी एरियल फिरवली की आवाज कमीजास्त होतो, आणि त्यावरून लहर कोणत्या रेषेवरून येते ते कळते. समजा, एक गाडी खंडाळ्याला उभी केली. तिला कळले की आवाज अमक्या रेषेवरून येतो. नकाशावर ती रेघ ओढली. दुसरी गाडी कर्जतला उभी केली आणि तिचीही रेघ ओढली. दोन्ही रेघा शिळफाट्यावर एकमेकींना छेदतात असे दिसले, तर यंत्र शिळफाट्याच्या आसपास आहे. एक रेघ नुसती दिशा देते. दोन रेघा ठिकाण देतात. मुंबईत पोलिसांच्या शोधगाड्या अशाच फिरत होत्या. म्हणून काँग्रेस रेडिओची मंडळी एका ठिकाणी फार काळ टिकत नसत. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी, असे बिऱ्हाड हलत राहिले.

अखेर नुसत्या यंत्राने यंत्र सापडले नाही. माणसाने माणूस दाखविला. यंत्र उभारण्यात हात असलेला तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठिकाण सांगितले. १२ नोव्हेंबर १९४२ च्या संध्याकाळी पोलीस दारे फोडून महालक्ष्मीजवळच्या घरात शिरले. त्या वेळी ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती. १९४३ साली खास न्यायालयापुढे खटला चालला. बाबूभाई खाकर यांना ५ वर्षे, उषा मेहतांना ४ वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना १ वर्ष अशी शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि ‘शिकागो रेडिओ’ या प्रसिद्ध कंपनीचे नानक मोटवाने सुटले. उषाबेन १९४६ साली येरवड्याहून बाहेर आल्या, पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्या वारल्या.

याच महिन्यांत आपल्या भागात काय चालले होते? माथेरानचे भाई कोटवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, वकिली सोडून भूमिगत झाले होते. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे लोखंडी मनोरे करवतीने कापून पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोटवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुंबईत काही जण हवेतला सरकारी मक्ता मोडीत होते आणि कर्जतच्या डोंगरात काही जण विजेचा मनोरा पाडीत होते. सरकारची सत्ता तारेवर आणि लहरीवर किती अवलंबून आहे, हे दोघांनीही अचूक ओळखले होते. सरकारनेही ते ओळखले होते, म्हणून दोन्हींकडे शोध तेवढ्याच जोराने झाला.

स्वराज्य आले. आता हे कलम जाईल, असे कुणाला वाटले असेल तर ते तसे झाले नाही. उलट १९४९ साली कायद्यात दुरुस्ती झाली: बिनपरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या ऐकण्याच्या यंत्राचा दंड मात्र १९३३ सालचाच राहिला. ऐकणारा आणि बोलणारा यांत कायद्याने इथे भेद केला, आणि तो भेद समंजसपणाचा होता.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे पावणेतीन लाख परवाने होते. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि खेडोपाडी रेडिओ पोहोचला; परवान्यांची संख्या कोटीपलीकडे गेली. वयस्क श्रोत्यांना ती परवान्याची लहानशी पुस्तिका आठवत असेल. पोस्टात जायचे, फी भरायची, पोस्टमास्तर तिकीट चिकटवून शिक्का मारीत. एखाद्या जुन्या ट्रंकेत ती अजून सापडेल. सापडली तर फेकू नका, शाळेला द्या. तपासनीस येणार म्हटले की ट्रान्झिस्टर धान्याच्या कणगीत जायचा, अशा गमतीही लोक सांगतात. लग्नात आलेला रेडिओ, आणि त्यासाठी सरकारला दरसाल पैसे का द्यायचे, हा प्रश्न खेड्यातल्या माणसाला पडे, आणि तो अगदीच वावगा नव्हता.

१९८० च्या दशकात ही फी बंद झाली. आज रेडिओ ऐकायला परवाना लागत नाही. आता नीट लक्ष द्या. ज्या दहा रुपयांसाठी झडतीचे कलम जन्माला आले ते दहा रुपये गेले, पण कलम गेले नाही. २०२३ साली संसदेने दूरसंचार कायदा केला, १८८५ आणि १९३३ च्या दोन्ही कायद्यांच्या जागी आणलेला. त्याचे ४३ वे कलम २६ जून २०२४ पासून अमलात आले आहे. ते १९३३ च्या सातव्या कलमाशेजारी ठेवून वाचा. सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, गुन्ह्याचे यंत्र ठेवले वा लपविले आहे असे मानण्यास त्याला कारण असेल, तिथे झडती घेईल आणि यंत्र ताब्यात घेईल. वाक्याचा सांगाडा तोच. जुन्या कलमात इमारत, जहाज वा जागा होती. नव्यात वाहन आणि विमान यांची भर पडली. शिक्षा मात्र फार वाढली. परवानगीशिवाय दूरसंचाराचे जाळे चालविणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग असा अधिकार असूच नये काय? मला तसे म्हणायचे नाही. कर्जत तालुक्यातला शेतकरी हे लवकर समजेल. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्यातून शेतीला मिळते. पाण्याची पाळी ठरलेली असते. वरच्या अंगाच्या कुणी मध्येच पाट फोडला तर शेवटच्या शेताला थेंब पोहोचत नाही. लहरींचे तसेच आहे. रेल्वे, पोलीस, विमाने, मोबाईल यांना आपापला पट्टा वाटून दिलेला असतो. डोंगराच्या कुशीत मोबाईलला रेंज येत नाही म्हणून कुणी बाजारातून यंत्र आणून छपरावर बसवतो. त्याला बूस्टर म्हणतात. ते परवानगीशिवाय बसविणे बेकायदा आहे. त्याच्या घरात आवाज स्पष्ट येतो, पण जवळच्या टॉवरवर गोंगाट वाढतो आणि शेजारच्या वाडीत आजाऱ्यासाठी गाडी बोलवायला केलेला फोन लागत नाही. हा पाट फोडण्याचाच प्रकार झाला. पाटकऱ्याला पाहणीचा अधिकार हवा, तसा इथेही हवा.

प्रश्न आहे तो मालकीचा. पाणी पाटकऱ्याचे नसते, तशा लहरीही सरकारच्या खाजगी मालकीच्या नाहीत. हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे. १९९३ साली कलकत्त्याच्या क्रिकेट सामन्यांचे चित्र बाहेर पाठविण्यावरून वाद झाला. परवाना नाही म्हणून परदेशी कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टम खात्याने अडवून धरली. प्रकरण दिल्लीला गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे, म्हणजे एका मराठी न्यायाधीशाचे. हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यांचा उपयोग जनतेच्या हितासाठी, सार्वजनिक देखरेखीखाली व्हावा, असे त्यात सांगितले गेले. १८८५ साली जो सरकारचा हक्क होता, तो ११० वर्षांनी सरकारवरचा विश्वास ठरला. विश्वस्ताला अधिकार असतात, पण त्याला हिशेब द्यावा लागतो.

हा हिशेब उंबरठ्यावर कसा मागायचा, तेही कायद्यातच आहे. पहिली गोष्ट, झडती कुणीही घेऊ शकत नाही. सरकारने त्या कामी अधिकार दिलेलाच अधिकारी हवा. तो अधिकार दाखवा म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. दुसरी, त्याला कारण असले पाहिजे. नुसते आले मनात म्हणून दार ठोठावता येत नाही. तिसरी, फौजदारी कायद्यातली झडतीची पद्धत. त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच बोलवावेत, त्यांच्यासमोर झडती व्हावी, जप्त वस्तूंची यादी करून तिच्यावर पंचांच्या सह्या घ्याव्यात, घरच्या माणसाला हजर राहू द्यावे आणि यादीची नक्कल द्यावी. हे नियम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १०३ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते योगायोगाने १०३ व्याच कलमात आहेत. तिच्या १०५ व्या कलमाने आणखी एक भर घातली आहे: झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे. पंचनामा हा शब्द आपल्याकडे थट्टेचा झाला आहे, पण तो अधिकाऱ्याच्या हाताला घातलेला लगाम आहे. पंचांनी कोऱ्या कागदावर सही केली, की तो लगाम आपणच सोडून दिला असे समजावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला हक्क आणि कर्तव्ये आपण वेगवेगळ्या पानांवर शिकवतो. या कलमाच्या हकीकतीत ती एकाच पानावर आहेत. ज्याने चोरून बूस्टर लावला तो शेजाऱ्याची पाळी मोडतो, हे मुलांना सांगा. आणि अधिकारपत्रावाचून, पंचांवाचून जो घरात शिरतो तोही पाट फोडतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. दहा रुपयांसाठी दिलेला अधिकार ९० वर्षे टिकला आणि दोन कोटींच्या दंडापर्यंत पोहोचला. तो उद्याही राहील. तो नीट चालतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र दिल्लीत बसून होणार नाही. ज्या दारावर थाप पडेल त्या दारातल्या माणसाने, आणि पंच म्हणून बोलावलेल्या त्याच्या शेजाऱ्याने, ते करायचे आहे.